विश्लेषण : ‘काळे’ यादीत आधी की नंतर? मराठी नावे अकारविल्हे लावताना संगणक का चुकतो?

देगलूर हे नाव मराठीत एकाच पद्धतीने लिहिले जाते. इंग्रजीत मात्र त्याची किमान दोन रूपे कागदोपत्री दिसतात. एकात शेवटच्या अक्षराआधी ‘यू’, दुसऱ्यात ‘डबल ओ’. वाचणाऱ्या माणसाचे यात काही अडत नाही, संगणकाचे अडते. एका तक्त्यात पहिले रूप आणि दुसऱ्यात दुसरे असेल, तर दोन्ही तक्ते जोडताना देगलूर तालुक्याच्या सगळ्या ओळी गळून पडतात आणि चूक झाल्याचा एक शब्दही पडद्यावर उमटत नाही. हा एका तालुक्याच्या नावाचा प्रश्न झाला. त्या तालुक्यातल्या हजारो माणसांच्या नावांचे काय होत असेल, याचा अंदाज यावरून यावा.

नांदेडपासून सुमारे ८० किलोमीटरवरचा हा तालुका तेलंगणा आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना भिडलेला आहे. इथली नावे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशी सगळ्या वळणांची. आणि इथले आयुष्य याद्यांवर चालते. अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी, पीकविम्याची यादी, शिष्यवृत्तीची यादी, घरकुलाची यादी. फेब्रुवारी २०२० मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेच्या याद्या लागल्या, तेव्हा गावोगावी माणसे भिंतीवरच्या कागदावर बोट फिरवत आपले नाव शोधत होती. अशा यादीत नाव अपेक्षित जागी दिसले नाही, की माणूस ‘आपले नाव आलेच नाही’ असे समजून घरी जातो. नाव असते, चार पाने पुढे असते.

तालुक्याच्या ठिकाणी संगणक शिकणारी मुले शिक्षकांना ठरावीक प्रश्न विचारतात. कोणती भाषा शिकू? कोणती लायब्ररी चांगली? सगळ्यात वेगवान सॉर्ट कोणता? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा क्रम उलटा आहे. आधी माहिती कशी आहे आणि ती कोण वाचणार आहे हे पाहावे लागते. साधनाची निवड त्यानंतर येते, आणि बऱ्याचदा ती फारशी अवघडही राहत नाही.

‘काळे’ नेमके कुठे बसवायचे?

कदम, कासार, काळे ही तीन आडनावे शाळेत शिकलेल्या क्रमाने लावायची तर हाच क्रम बरोबर आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो आणि त्याच्यानंतर क्ष, ज्ञ. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण केले, २०२२ मध्ये त्यात सुधारणा केल्या. ‘ळ’ची शेवटाकडची जागा मात्र पाटीवर धुळाक्षरे गिरवलेल्या प्रत्येकाला शासन निर्णय न वाचताही ठाऊक असते.

संगणकाला कोणी सांगितले नाही तर तो कदम, काळे, कासार असा क्रम लावतो. कारण साधे आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. ‘ल’चा क्रमांक २३५४, ‘ळ’चा २३५५, ‘व’चा २३५७ आणि ‘ह’चा २३६१. प्रोग्रामिंगच्या बहुतेक भाषांमधली साधी ‘सॉर्ट’ ही आज्ञा याच क्रमांकांची तुलना करते. त्यामुळे ‘ळ’ हा ‘ल’ला चिकटून येतो आणि काळे हे कासारांच्या पुढे जाऊन बसतात.

‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी कोणी नेले? युनिकोडची देवनागरी मांडणी ‘इस्की’ या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून आली. सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच आराखडा असावा, म्हणजे एका लिपीतला मजकूर दुसऱ्या लिपीत सहज नेता येईल, असा त्या मानकाचा विचार होता. म्हणून जवळच्या उच्चारांची अक्षरे शेजारी-शेजारी ठेवली गेली. विचार चांगला होता. फक्त ती अक्षरांना घरक्रमांक देण्याची पद्धत होती, तिला वर्णक्रम समजण्याची चूक नंतरच्यांनी केली. गंमत अशी की तेलुगू आणि कन्नड वर्णमालेतही ‘ळ’ हा ‘ह’ नंतरच शिकवला जातो. म्हणजे देगलूरच्या तिन्ही बाजूंच्या शाळांत मुले जो क्रम पाठ करतात, तो संगणकाला आपणहून कळत नाही.

क्षीरसागर आणि ज्ञानेश्वर यांची कथा वेगळी. संगणकाच्या दृष्टीने ‘क्ष’ हे अक्षरच नाही. तो आहे क, हलन्त आणि ष. म्हणून क्षीरसागर ‘क’च्या यादीत तळाला जातात, ज्ञानेश्वर ‘ज’च्या. शाळेच्या क्रमाने दोघेही अगदी शेवटी हवेत. अनुस्वाराबाबत तर माणसांतही एकवाक्यता नाही. बाराखडीत ‘कं’ हा ‘कौ’ नंतर येतो, हिंदी शब्दकोशांत अनुस्वाराचे शब्द आधी घेतात. त्यामुळे पंडित आधी की पवार, याचे उत्तर कुठला नियम धरला यावर ठरते. यादी करणाऱ्याने एक नियम धरावा आणि यादीच्या माथ्यावर तो एका ओळीत लिहावा. ही एक ओळ लिहिलेली यादी फारशी पाहायला मिळत नाही.

जुन्या फाइलींत ‘बालाजी’ पहिले का?

वरचे सगळे युनिकोडमधल्या माहितीबद्दल झाले. सरकारी आणि संस्थांच्या कपाटातली कितीतरी माहिती आजही कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. तिथे गोंधळ वेगळ्याच पातळीवर जातो. या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलीत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. कृतिदेवमध्ये ‘ब’ म्हणजे इंग्रजी ‘सी’, ‘क’ म्हणजे ‘डी’, ‘म’ म्हणजे ‘ई’, ‘ह’ म्हणजे ‘जी’ आणि ‘प’ म्हणजे ‘आय’. अशी यादी क्रमाने लावा म्हटले, की संगणक इमानेइतबारे इंग्रजी क्रम लावतो. बालाजी पहिले, मग कमल, मग माधव, हणमंत आणि त्यांच्यानंतर परमेश्वर.

त्यातही ऱ्हस्व वेलांटी. टंकलेखन यंत्रावर ती अक्षराच्या आधी उमटवावी लागे, म्हणून कृतिदेवमध्येही ती आधी साठवली जाते आणि तिची कळ आहे ‘एफ’. परिणामी किरण, शिवाजी, विठ्ठल, दिगंबर, निवृत्ती ही सगळी मंडळी आपापली अक्षरे सोडून एकाच ठिकाणी, माधव आणि हणमंत यांच्या मधे, गोळा होतात. ज्याला ‘शिवाजी’ हे नाव ‘श’मध्ये शोधायचे आहे, त्याला ते तिथे सापडणे शक्यच नसते.

यावर ‘कोणती लायब्ररी वापरू’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. जगातली सर्वोत्तम सॉर्ट लायब्ररीही इथे निरुपयोगी, कारण ती फाइल मराठीत लिहिलेलीच नाही. आधी ती युनिकोडमध्ये बदलायची, बदलल्यावर जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या माणसाने डोळ्यांनी तपासायच्या, मग पुढचे. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळण्यासाठी नवे सॉफ्टवेअर विकत घेणे हा त्यावरचा सर्वांत महागडा उपाय आहे. राज्य शासनाने युनिकोड वापरण्याच्या सूचना वारंवार दिल्या आहेत, पण जुन्या फाइलींचे रूपांतर कोणी आणि केव्हा करायचे, हे तालुका पातळीवर बहुधा कोणाच्याच कामाच्या यादीत नसते.

दिसायला एक, आत दोन

कऱ्हाळे हे आडनाव घ्या. मराठवाड्यात ते घरोघरचे. यातला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मधे एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधपेटीत एक रूप टाकले तर दुसऱ्या रूपातला माणूस सापडत नाही. ‘ॲड.’चेही तेच. २००८ पासून युनिकोडमध्ये ‘ॲ’ला स्वतंत्र जागा आहे, तरी अनेक कळफलकांवरून तो ‘अ’ आणि चंद्र असा दोन तुकड्यांत उमटतो. वकील मंडळींच्या यादीत एकाच वकिलाची दोन नावे दिसण्याचे हे एक कारण.

पहिल्या अडचणीवर ‘नॉर्मलायझेशन’ नावाचा तयार उपाय जवळपास प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत असतो, असे पाठ्यपुस्तक सांगते. ते अर्धेच खरे आहे. ‘र’खाली नुक्ता देऊन लिहिलेला ‘ऱ’ आणि सलग ‘ऱ’ यांना तो एक करतो. मात्र न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा ‘ऱ्ह’ आणि तुकड्यांतला ‘ॲ’ त्याच्या हाती लागत नाहीत. त्यांच्यासाठी दोन-तीन ओळींचा स्वतःचा नियम लिहावा लागतो आणि तो लिहायला मराठी येणारा माणूसच लागतो.

याखेरीज माणसांनी घातलेला गोंधळ आहेच. एका यादीत ‘पाटील बालाजी माधवराव’, दुसरीत ‘बालाजी माधवराव पाटील’. एकीत ‘श्री.’ लावलेले, त्यामुळे अर्धे गाव ‘श’मध्ये. गावांची नावे ‘बु.’ आणि ‘खु.’ने संपणारी, कुठे टिंब, कुठे टिंब नाही. एकच गाव कुठे हाणेगाव, कुठे हणेगाव. म्हणूनच याद्या जोडताना नावांवर विसंबू नये. केंद्र सरकारच्या स्थानिक प्रशासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला आकडी सांकेतांक दिलेला आहे, तो वापरावा. नाव माणसाने वाचण्यासाठी ठेवावे, जोडणी सांकेतांकावर करावी. वर उल्लेखलेली देगलूरची इंग्रजी अडचण यातच मिटते.

निजामकाळातल्या नोंदींबाबत हा प्रश्न आणखी जड होतो. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात मोडी आणि उर्दूतले कागद मोठ्या प्रमाणावर तपासले गेले. उर्दूतले नाव देवनागरीत आणताना ऱ्हस्व स्वर अनेकदा अंदाजाने भरावे लागतात. एकाच माणसाची दोन वाचने संभवतात आणि त्यावर एखाद्या घराचा दाखला अवलंबून असतो. अशा माहितीत तंतोतंत जुळणी शोधणारे साधन वापरणे म्हणजे खऱ्या हक्कदाराला बाहेर ठेवणे. जवळपासची नावे दाखवणारे साधन हवे आणि अखेरचा निर्णय मूळ कागद समोर ठेवून माणसाने घ्यायला हवा.

मग एक्सेलच पुरे की!

तालुक्यात निम्म्याहून अधिक काम एक्सेलवर चालते असे म्हटले तर कोणी वाद घालणार नाही. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण त्याचे दोन-तीन स्वभाव ठाऊक हवेत. गट क्रमांक १२/३ इंग्रजी अंकांत टाकला, की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. सोळा आकडी खाते क्रमांक संख्या म्हणून टाकला तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच अचूक राहते. सुरुवातीची शून्ये तर निमूट नाहीशी होतात. असा स्तंभ आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यावा, माहिती भरण्याच्या आधी. नंतर केले तर गेलेला आकडा परत येत नाही.

सर्वांत घातक चूक वेगळीच आहे. नावांचा एकच स्तंभ निवडून क्रम लावला, तर एक्सेल विचारते की निवड वाढवायची की आहे तेवढीच ठेवायची. घाईत दुसरा पर्याय दाबला जातो. नावे सरकतात, शेजारचे खाते क्रमांक जागीच राहतात. तक्त्यात मधे एखादा पूर्ण कोरा स्तंभ असेल, तर त्यापलीकडची माहितीही मागे राहू शकते आणि तिथे प्रश्नसुद्धा विचारला जात नाही. समजा, अनुदानाच्या यादीत हे घडले. प्रत्येक नाव खरे, प्रत्येक खाते खरे, फक्त जोड्या खोट्या. तपासणाऱ्याला एकही ओळ वावगी दिसत नाही. ज्याचे पैसे गेले तो तहसीलच्या पायऱ्या झिजवतो. क्रम लावण्याआधी प्रत्येक ओळीला एक अनुक्रमांक देऊन ठेवला तर निदान मूळ क्रमावर परतता येते. ही सवय फुकट आहे.

साधनाची मर्यादा माहीत नसल्याने काय होते, याचा धडा इंग्लंडने ऑक्टोबर २०२० मध्ये घेतला. तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने करोनाचे चाचणी निकाल एक्सेलच्या जुन्या फाइल प्रकारात ओतले. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. पुढच्या ओळी गळाल्या आणि १५,८४१ बाधितांची नोंद वेळेत झाली नाही.

‘सर्वांत वेगवान’ सॉर्ट कोणता?

मुलाखतीत विचारतात म्हणून बबल सॉर्ट पाठ करणे ठीक. दहा हजार नावांसाठी त्याला साधारण पाच कोटी तुलना लागतात, मर्ज सॉर्टला सव्वा ते दीड लाख. हा फरक समजून घेण्यासारखा आहे. पण प्रत्यक्ष कामात स्वतः सॉर्ट लिहायची गरज जवळपास कधीच पडत नाही. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी लिहिलेला ‘टिमसॉर्ट’ पुढे जावानेही घेतला. तो वर्षानुवर्षे कोट्यवधी यंत्रांवर चालत असताना २०१५ मध्ये संशोधकांना गणिती पडताळणीत त्यात एक दोष सापडला. नामांकितांनी लिहिलेल्या आणि जगाने वापरलेल्या सॉर्टची ही गत, तर रात्रीत लिहिलेल्या आपल्या सॉर्टवर किती भरवसा ठेवायचा?

वेगापेक्षा एक गुण महत्त्वाचा, तो म्हणजे स्थिरता. यादी आधी नावाने लावली आणि मग गावाने, तर स्थिर सॉर्ट प्रत्येक गावातली नावे पूर्वीच्याच क्रमात ठेवतो. करडखेडमधली नावे करडखेडात, मरखेलमधली मरखेलात, आणि आत अकारविल्हे. पायथन आणि आताची जावास्क्रिप्ट ही हमी देतात. मात्र जावास्क्रिप्टची साधी सॉर्ट आज्ञा आकड्यांनाही मजकूर समजते, त्यामुळे दहा हा नऊच्या आधी येतो. नवख्याची पहिली रात्र यातच जाते. देवनागरी अंकांचे आणखी निराळे : पायथन ‘१२’ला बारा म्हणून स्वीकारते, जावास्क्रिप्ट ही संख्याच नाही असे सांगते. सात-बाराच्या आकडेवारीवर काम करणाऱ्याने भाषा निवडताना असला तपशील पाहावा. कोणत्या भाषेला पगार जास्त, हे नंतर पाहिले तरी चालते.

लायब्ररी निवडताना काय पाहावे?

मराठी क्रमापुरते उत्तर सरळ आहे. ‘आयसीयू’ नावाची, नाव दवाखान्यातले वाटले तरी संगणकातली, एक जुनी मुक्त लायब्ररी आहे. जगातल्या भाषांचे क्रमाचे नियम तिच्यात असतात आणि त्यांत मराठीचे वेगळे नियम आहेत. ‘ळ’ ‘ह’ नंतर, मग क्ष, मग ज्ञ. पायथनमधून ती ‘पायआयसीयू’ने वापरता येते. जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल कोलेटर’ आधीच असतो, वेगळे काही उतरवावे लागत नाही, आणि ‘न्यूमेरिक’ हा पर्याय चालू केला की दोन हा दहाच्या आधी येतो. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयूचे क्रम मिळतात. प्रोग्रामिंग येत नसेल तर फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्ये क्रम लावताना पर्यायांत भाषा ‘मराठी’ निवडता येते. ‘हिंदी’ निवडली तर काळे पुन्हा कासारांच्या पुढे. दोन्हींची लिपी एकच, म्हणून भाषाही एकच समजणारे सॉफ्टवेअर पुण्या-मुंबईतही बनते, देगलूरला काय बोल लावायचा?

बाकी निवडीबद्दल एवढेच की नव्या आणि गाजणाऱ्या लायब्ररीचा मोह तालुक्याच्या ठिकाणी महागात पडतो. तिथे इंटरनेट दिवसभर टिकेलच असे नाही आणि प्रोग्राम लिहिणारा मुलगा सहा महिन्यांत पुण्याला किंवा हैदराबादला जातो. मागे राहणाऱ्याला ते सांभाळता आले पाहिजे. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हा अकरा ओळींचा प्रोग्राम त्याच्या कर्त्याने मागे घेतला आणि जगभरातले असंख्य प्रकल्प काही तास बंद पडले. ज्या कामाला अकरा ओळी पुरतात, त्यासाठी परक्याच्या दारात उभे राहू नये. उलट ‘मराठी क्रम’ किंवा ‘तारखांचे हिशेब’ यांसारख्या कामात वर्षांची मेहनत आणि शेकडो अपवाद असतात, तिथे स्वतःची अक्कल चालवू नये. तारखांसाठी एकेकाळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘मोमेंट’ या लायब्ररीच्या कर्त्यांनीच २०२० मध्ये नव्या प्रकल्पात ती घेऊ नका असे जाहीर केले. हे वाक्य त्यांच्या पानावर आहे, पण ती आजही नव्या प्रकल्पांत घुसडली जाते, कारण जुन्या व्हिडिओत तीच दाखवलेली असते.

एखादे साधन मराठीला चालते का, हे विक्रेत्याला विचारून कळत नाही. त्यासाठी आठ नावे पुरतात : क्षीरसागर, काळे, कऱ्हाळे, हंबर्डे, कासार, जाधव, कदम, वाघमारे. ही यादी त्यात टाकावी आणि क्रम लावायला सांगावे. कदम, कऱ्हाळे, काळे, कासार, क्षीरसागर, जाधव, वाघमारे, हंबर्डे असे उत्तर आले, तर त्याने फक्त अक्षरांचे क्रमांक मोजले आहेत. कदम, कऱ्हाळे, कासार, काळे, जाधव, वाघमारे, हंबर्डे, क्षीरसागर असे आले, तर खरेदीचे पुढचे बोलणे सुरू करायला हरकत नाही.